पातळ काही देऊ नये

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणी विभागात काढली. यंत्रातून निघालेला प्रत्येक भाग खोटाच आहे असं धरून हातात घ्यायचा आणि मापाला लावून बघायचा, हे माझं काम. खरा निघाला तर त्याचं नशीब. ही सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, तू भाजीवाल्याच्या 'ताजी आहे' ला पण माप लावतेस." लावते. बहुतेक वेळा भाजी शिळी असते.

आई आमच्या मलकापूरजवळच्या शेतातल्या घरात एकटी राहायची. वडील फौजेतून निवृत्त होऊन आले, दहा वर्षं ऊस केला आणि गेले. भाऊही फौजेतच, बायकापोरांसह पार आसामात. मी साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि नोकरी पाळ्यांची. अशात एका सकाळी आईची उजवी बाजू गेली. शेजाऱ्यांनी तिला सांगलीला हलवलं, तिथं ती वाचली. पण डॉक्टर म्हणाले, हिला चोवीस तास बघणारं माणूस लागेल. त्यांनीच विश्रामबागेतलं एक नर्सिंग होम सुचवलं.

आमच्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. हे तसलं नव्हतं. एका गल्लीत दोन मजली बंगला, खाली स्वयंपाकघर आणि धुण्याची मोरी, वर चौदा खाटा. घरी ज्यांचं करणं होत नाही असे म्हातारे इथं ठेवायचे. आईला ठेवलं त्या दिवशी मी सहा पानांच्या फॉर्मवर सहा सह्या केल्या. पानं वाचली नाहीत. कारखान्यात मी न वाचता सही केली असती तर मला लोकांनी पेढे वाटून घरी पाठवलं असतं. पण त्या दिवशी आईने डाव्या हाताने माझा पदर धरला होता आणि तो सोडवायचा कसा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिल्या रविवारी गेले तर आईच्या खाटेच्या वर भिंतीवर एक पुठ्ठा लावलेला. निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं : पातळ काही देऊ नये.

मी दोनदा वाचलं. आमच्यात आजारी माणसाला पातळच देतात. भाताची पेज, मुगाचं पाणी, ताक. भेटायला येणारा शहाळं घेऊन येतो. 'जड देऊ नये' असं लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. हे भलतंच उलटं होतं. तिथल्या मुख्य सिस्टरना विचारलं तर त्या औषधांच्या डब्या भरता भरता म्हणाल्या, "डॉक्टरांची ऑर्डर आहे."

"पण का?"

"त्यांना गिळायला त्रास आहे ना, म्हणून."

गिळायला त्रास आहे म्हणून पातळ नको! म्हणजे ज्याला गिळता येत नाही त्याला घट्ट भरवायचं? शेंबडं पोरही सांगेल की हे तर्काला धरून नाही. पण सिस्टरांचा चेहरा असा होता की त्यांनी उत्तर दिलं आणि विषय संपला. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

फलकांवर माझा विश्वास नाही, त्यालाही कारण आहे. कारखान्यात सुरक्षिततेचे फलक किती असतात ते मी बघितलंय. तपासणीला कुणी यायचं असलं की आदल्या दिवशी ओल्या फडक्याने ते पुसायचे. माणसांनी वाचावेत म्हणून कुणी ते लावलेले नसतात, येणाऱ्याला दिसावेत म्हणून लावलेले असतात. हाही पुठ्ठा तसलाच असणार, असं मी ठरवून टाकलं.

मग मी बघायला लागले. नातेवाइकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर रोज सकाळी फुलांचं 'सुप्रभात' आणि त्याखाली म्हाताऱ्यांचे फोटो. केस विंचरलेले, पावडर लावलेली. बाकीचे लोक हात जोडायचे, अंगठे दाखवायचे. मी फोटो मोठा करून आईचे ओठ बघायची. सुकलेले दिसायचे. दुसऱ्या रविवारी आईजवळ बसले होते तर तिने डावा हात तोंडाशी नेला आणि जड जिभेने म्हणाली, "पानी."

मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी एका मावशीला पाठवलं. तिथं वर काम करणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणत. ही चाळिशीची, सडसडीत, कपाळावर गोंदण. तिने पेल्यात पाणी घेतलं, एका डब्यातली पांढरी पावडर त्यात टाकली आणि ढवळत बसली. पाण्याची खळ झाली. ती चमच्याने आईला भरवायला लागली. आई तोंड वाकडं करत होती.

"ही पावडर कसली?"

"घट व्हायला," ती म्हणाली आणि दाराकडे बघितलं. सिस्टर दारात उभ्या होत्या.

आता माझ्या डोक्यात सगळं नीट बसलं. आई दुपारची सारखी झोपते. पांढऱ्या पावडरीनं झोपवत असणार. आणि पाणी का देत नाहीत? पाणी दिलं की लघवी होते, लघवी झाली की चादर बदला, अंग पुसा. चौदा खाटा आणि बायका तीन. पाणीच नको, म्हणजे कटकट नको. इतकं सरळ होतं की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. निघताना मी डब्यातली चिमूटभर पावडर कागदाच्या पुडीत बांधून घेतली आणि साताऱ्याला आल्यावर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला दाखवली. त्याने ती चोळली, पाण्यात टाकली, जिभेला लावली. म्हणाला, "झोपेचं औषध वगैरे काही नाही हो मॅडम. घट्टपणा आणायचं पीठ आहे. मक्याचं असावं."

शहाण्या बाईचा संशय इथं मिटला असता. माझा वाढला. म्हणजे हे औषध नाहीच, नुसतं पीठ! माझ्या आईला तहान लागल्यावर हे लोक पिठाची खळ पाजतात!

आमच्या गावात दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, मग कोण म्हणून विचारतात. भांडणात बाई बाईला शेवटचा शाप देते तो हाच, की तुझ्या तोंडात पाणी घालायला कुणी असणार नाही. मी असताना आईने पाण्यावाचून तळमळावं हे मला सहन होणारं नव्हतं. तिसऱ्या रविवारी मी सांगलीच्या स्टँडवर उतरून एक शहाळं फोडून घेतलं, पाणी स्टीलच्या बाटलीत भरलं आणि बाटली पिशवीत साडीखाली दडवली. सिस्टर खाली जेवायला गेल्यावर आईच्या उशीजवळ बसले आणि बाटलीच्या झाकणाने तिला थोडं थोडं पाजलं. ती आडवीच होती. दोन झाकणं नीट गेली. तिसऱ्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, थोडं गालावरून उशीवर सांडलं. मी छाती चोळली. मला वाटलं, बघा, किती दिवस पाणी नाही म्हणून घसा कोरडा पडलाय, गिळायची सवयच मोडलीय हिची. पुढच्या वेळी जास्त आणायचं असं मी ठरवलं.

बुधवारी फोन आला. "थोडा ताप आहे, काळजीचं कारण नाही." काळजीचं कारण नाही असं कुणी म्हटलं की मला काळजी सुरू होते. मी विचारलं, खिडकी उघडी ठेवता का? गार पाण्याने अंग पुसता का? सिस्टर नाही म्हणाल्या. त्या नाहीच म्हणणार. औषधं सुरू झाली, चार दिवसांत ताप उतरला आणि रविवारी मी पुन्हा बाटली घेऊन गेले. आई या वेळी पाणी मागत नव्हती. मीच दिलं. अर्धी बाटली गेली. ती खूप खोकली, डाव्या हाताने माझं मनगट धरलं, आणि मी म्हणाले, "पी गं, मी हाय न्हवं इथं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला दवाखान्यात हलवावं लागलं. मी पोचले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि छाती भात्यासारखी खालीवर होत होती. डॉक्टर छातीचा फोटो बघत म्हणाले, दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे, आज-उद्या काय होईल सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "कुणी पाणी, चहा असं काही पाजलं होतं का?" तिथं नर्सिंग होमच्या सिस्टर होत्या, आईबरोबर गाडीतून आलेली ती मावशीही होती.

मी म्हणाले, "मी कशाला पाजू? मी तर आठवड्यातून एकदा येते."

आणि माझी नजर मावशीकडे गेली. मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. नुसतं बघितलं. तेवढं पुरलं. सिस्टरही तिच्याकडे बघायला लागल्या.

खरं सांगायचं तर तेव्हाही मी पाण्यामुळे हे झालं असं मानत नव्हते. पाण्याने कुणाला न्यूमोनिया होतो का? यांच्या हातून काहीतरी झालंय आणि आता ते माझ्या गळ्यात मारतायत, चोराच्या उलट्या बोंबा, असंच मला वाटत होतं. म्हणून खोटं बोलताना जीभही अडखळली नाही.

आई वाचली. नऊ दिवसांनी तिला परत विश्रामबागेत आणलं. वर मावशी दिसली नाही. तिला खाली धुण्याच्या कामावर लावलंय आणि महिनाअखेरपासून येऊ नको म्हणून सांगितलंय, असं स्वयंपाकीण बाई म्हणाली. मी आईचा धुतलेला गाऊन आणायला खाली गेले. मावशी मोरीत चादरी पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "उशीला शहाळ्याचा वास येत हुता, ताई."

मी दोरीवरचा गाऊन काढायला वळले.

"पहिल्या बारीला बी, दुसऱ्या बारीला बी. मीच अभ्रं बदाललं. बोलले न्हाई."

उघडं पडलेलं माणूस जे करतं तेच मी केलं. आवाज चढवला. "मग काय करायचं होतं? आई पाण्यासाठी तडफडतेय आणि तुम्ही तिला पीठ चारताय!"

तिने चादर दगडावर ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "आवं ताई, तुमी कवा मेंढराला औषद पाजलंय का?"

ती जतकडची. माहेर-सासर दोन्हीकडे मेंढरं. तिने हातवारे करून मला दाखवलं. "पावसाच्या आधी जंताचं औषद पाजत्यात. त्येचं तोंड वर धरलं आन घाईनं वतलं, तर ते पोटात जात न्हाई. छातीत जातं. मेंढरू ढासतं. चार दिस ताप, मग मान टाकतं. मी नवी लगीन हून आले तवा माझ्या हातनं दोन गेली. सासऱ्यानं मारलं न्हाई, पर शिकवलं. मान खाली ठिवायची, दमानं पाजायचं, आन खोकलं की हात थांबवायचा. खोकतंय म्हंजी ते सांगतंय, चुकीच्या वाटंनं चाललंय."

"आणि पीठ?"

"पानी लय पळतं, ताई. म्हातारीच्या घशाला ते आवरंना झालंय. घट केलं की सावकाश जातं, तिला गिळाया येळ मिळतो. येवढंच हाय बगा."

येवढंच होतं. डॉक्टर, सिस्टर, पुठ्ठा, सहा पानं, एवढ्या सगळ्यांकडून जे मला कळलं नाही ते दोन मिनिटांत कळलं. मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"नातेवाइकांशी बोलायचं न्हाई, आसं सांगितलंय आमास्नी. आन तुमी तर माझ्याकडं चोर बगितल्यागत बगायचा. मेंढरं राखनारी बाई तुमाला काय सांगनार?" असं म्हणून तिने पुन्हा चादर पिळायला घेतली.

वर जाताना मी जिन्यात मधेच बसले.  आईने माझं मनगट धरलं होतं. मला वाटलं होतं ती आधारासाठी धरतेय.

सिस्टरना जाऊन सगळं सांगितलं. बाटली, दोन्ही रविवार आणि दवाखान्यात बोललेलं खोटंही. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाट उघडून माझा फॉर्म काढला आणि तिसरं पान पुढे सरकवलं. छापलेलं होतं : 'द्रव पदार्थ श्वसनमार्गात जाण्याची संभाव्यता असल्याने रुग्णास केवळ संस्थेमार्फत आहार दिला जाईल.' खाली माझी सही, अगदी सुवाच्य.

"तुम्ही वाचलं असेल असं आम्ही धरून चाललो," त्या म्हणाल्या.

"वाचलं असतं तरी मला कळलं नसतं," मी म्हणाले. "पुठ्ठ्यावर का नाही लिहीत? पाणी छातीत जातं, माणूस दगावतं, असं."

"मागे लिहिलं होतं. दगावतं वाचून एकांनी पेशंट दुसरीकडे हलवला. मोठे डॉक्टर म्हणतात, भिंतीवर घाबरवणारं काही नको."

म्हणजे मला घाबरवायचं नाही म्हणून त्यांनी कारण सांगितलं नाही, आणि कारण नाही म्हणून मी संशय घेतला. मी सिस्टरांशी तासभर वाद घातला. पुठ्ठा बदलला नाही. मावशी मात्र दुसऱ्या दिवसापासून वर आली. तिने माझी माफी ऐकून घेतली, "ऱ्हाऊ द्या" म्हणाली, आणि मला भरवायला शिकवलं. पाठीला उशा लावून आईला सरळ बसवायचं, हनुवटी छातीकडे, चमचा अर्धाच. घास गेला की घशाची घाटी वर जाऊन खाली येते, ती बघायची. मग पुढचा. माझा स्वभाव काही बदलला नाही. मी अजून उशीचा वास घेते, पाठीवर कुठं लाल झालंय का बघते. चमचाही नाकाला लावून बघते. मावशी हसते.

पाचसहा महिन्यांनी शेजारच्या खाटेवर मिरजेकडची एक म्हातारी आली. वर तोच पुठ्ठा. तिची मुलगी पस्तिशीची असेल. रविवारी दुपारी मी आईला खळ भरवत होते तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघत होती. थोड्या वेळाने जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमच्या आईला पण पाणी देत नाहीत का हो? मला तर हे लोक ठीक वाटत नाहीत." तिच्या पर्समधून बाटलीचं तोंड वर आलं होतं. आत ताक.

मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय तसं. घशात अडचण आहे."

ती हसली. ते हसणं मला ओळखीचं होतं. मीही सिस्टरांकडे बघून असंच हसले होते. तिच्या लेखी मी त्यांच्यातलीच एक झाले होते, आईला पीठ चारणारी. मेंढराचं सांगून बघितलं, पण माझ्या तोंडी ते ऐकीव गोष्ट वाटली. तिने पर्स जवळ ओढली. मग मला राहवलं नाही.

"मी माझ्या आईला चोरून पाणी पाजलं," मी म्हणाले. "दोनदा. शहाळ्याचं. ते तिच्या छातीत गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले आणि आळ दुसऱ्या बाईवर घातला. ते ताक तुमच्या आईला देऊ नका."

तिने विश्वास ठेवला की नाही, देव जाणे. बाटलीचं झाकण घट्ट करून ती आपल्या आईच्या खाटेवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत माझी नजर तिच्या पर्सवर होती.

मी चमचा उचलून आईकडे वळले तर ती जागी होती. सगळं ऐकलं होतं तिने. हे तिच्यासमोर मी कधीच बोलले नव्हते. एव्हाना तिची जीभ थोडी सुटली होती, वाक्य तुकड्या-तुकड्यांनी यायचं.

"मला कळत हुतं," ती म्हणाली. "लय ठसका लागायचा. छातीत आग व्हायची. तू दिलंस की ताप येतोय... कळत हुतं."

"मग आई, नको का नाही म्हणालीस?"

ती बराच वेळ शब्द जुळवत होती. "तू येवढी साताऱ्यासनं घेऊन यायचीस... तुला नको कसं म्हनायचं?"

 तिने शिकवल्यासारखी हनुवटी खाली केली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. तिला तहान लागली होती की मी भरवतेय म्हणून ती घेत होती, हे मला कळलं नाही, आणि अजूनही दर रविवारी कळत नाही.